‘छान झालंय’ म्हणून मोकळं होण्याआधी

(नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळून पत्राचा सारांश देत आहे.)

पत्र लिहिणाऱ्या बाई आठ वर्षं कथा लिहितायत. चार वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लेखन कार्यशाळेत त्यांची आणखी चौघांशी ओळख झाली. कार्यशाळा संपल्यावरही दर पंधरा दिवसांनी एकमेकांना लिखाण पाठवायचं असं पाचही जणांनी ठरवलं आणि ते आजतागायत चालू आहे. प्रत्यक्ष भेट मात्र एकदाही झालेली नाही. यंदा त्यांच्यातल्या एकीची कादंबरी प्रकाशकाने स्वीकारली. बाईंनी तिचं अभिनंदन केलं, पण आतून आनंद झाला नाही. या कादंबरीचा कच्चा खर्डा त्यांनी वर्षभरापूर्वीच वाचला होता आणि उत्तरार्ध कोसळलाय असं त्यांना तेव्हाच वाटलं होतं. तरी त्यांनी कळवलं होतं, ‘छान झालंय.’ मध्यंतरी त्यांच्या आईचं मोठं आजारपण झालं. दोन महिने त्यांनी गटाला ‘कामात आहे’ एवढंच सांगितलं. त्या काळात गटातली दुसरी एक मैत्रीण दर रविवारी दोन ओळी पाठवत राहिली. त्यातली एक त्यांनी उतरवून पाठवली आहे: ‘उत्तर नको. तुझं ते नदीचं पान आज परत वाचलं.’ त्यावर बाई लिहितात, ‘बघा ना, माझी आई दवाखान्यात आणि हिला माझं नदीचं पान आठवतंय. यांना मी दिसतच नाही, फक्त माझं लिखाण दिसतं.’ घरच्यांचंही म्हणणं तेच आहे: न पाहिलेल्या माणसांत किती गुंतायचं? बाईंचा प्रश्न असा: ही मैत्री खरी, की आम्ही नुसते एकमेकांची पाठ थोपटतो? गट सोडावा का?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला गट दिसला, दुसऱ्यांदा कादंबरीवाली मैत्रीण. तिसऱ्यांदा मी त्या रविवारच्या दोन ओळींपाशी थांबले, आणि मग उरलेलं पत्र मला वेगळंच दिसायला लागलं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमच्या आईच्या आजारपणाबद्दल त्या मैत्रिणीला काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही ‘कामात आहे’ म्हणालात आणि तिने ते खरं मानलं. पण नुसतं काम म्हणून कोणी दोन महिने इतकं गप्प राहत नाही, हेही तिला कुठेतरी जाणवलं असावं. तिने खोदून विचारलं नाही. उत्तर मागितलं नाही, उलट ‘उत्तर नको’ म्हणून तुमच्या डोक्यावरचं ओझं काढून घेतलं. आणि आपल्या हातात तुमचं जे काही होतं, ते एक पान, ते उघडून वाचून तुम्हाला कळवलं. एकदाच नव्हे, दर रविवारी. तुम्ही याचा अर्थ ‘तिला मी दिसत नाही’ असा घेतलात. मला तर तिला दाराबाहेर उभी राहून हाक मारताना बघितल्यासारखं वाटलं. दार आतून बंद होतं, आणि ते का बंद आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

हे दोष द्यायला म्हणत नाही. आई आजारी असताना माणसाच्या अंगात बोलायचं त्राण उरत नाही, हे मला माहीत आहे. पण न सांगितलेलं दुःख त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांचं प्रेम खोटं, हा हिशेब मात्र मला पटत नाही.

आता ‘फक्त लिखाण दिसतं’ या तक्रारीकडे येऊ. तुमच्या वाक्यातल्या ‘फक्त’ या शब्दाशी मी बराच वेळ अडले. आठ वर्षं तुम्ही ज्या कथा लिहिताय, त्यांत तुम्ही नाही का? घरात आपण आई असतो, मुलगी असतो, कोणाची बायको, कोणाची सून असतो. त्या प्रत्येक नात्यात आपल्याला एक ठरलेली जागा असते आणि त्या जागेवरून जेवढं दिसतं तेवढंच घरच्यांना दिसतं. शिवाय घरची माणसं आपली कथा वाचायला घेतात तेव्हा तिच्यात स्वतःला शोधत असतात: ही सासू म्हणजे मीच का, हा भांडखोर भाऊ कोण? त्यांची यात काही चूक नाही, ती तुमच्या फार जवळ आहेत एवढंच. लिहिणारा सोबती मात्र तुमचं पान वाचताना हेही ओळखतो की हे वाक्य सहज आलेलं नाही, इथे तीन वेळा खोडलंय, इथे घाबरून विषय बदललाय. एवढ्या बारकाईने आपल्याला आयुष्यात किती जण बघतात?

प्रत्यक्ष भेट झालेली नाही, ही अडचण तुम्हाला वाटते तितकी मोठी नाही. एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीने एप्रिल 1862 मध्ये थॉमस हिगिन्सन या लेखक-संपादकाला पत्र लिहिलं. दोघांची तोवर ओळखही नव्हती. पत्रासोबत चार कविता होत्या आणि प्रश्न असा, की या कविता जिवंत आहेत का? तिथून 1886 साली तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, दोघं एकमेकांना लिहीत राहिले. भेटले फक्त दोनदा, 1870 मध्ये आणि 1873 मध्ये. हिगिन्सनना तिच्या कविता पुरत्या उमगल्या होत्या असंही नाही. पण ते वाचत राहिले, उत्तरं देत राहिले, आणि तिच्यामागे 1890 साली तिच्या कवितांचा पहिला संग्रह निघाला तेव्हा त्याच्या दोन संपादकांपैकी एक तेच होते. आपल्याकडेही जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांची पत्रं मराठी वाचकांना परिचयाची आहेत. माणसांपासून दूर राहणारे जीए पत्रात किती मोकळे होत, हे ती पत्रं वाचलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. तेव्हा घरच्यांनी ‘न पाहिलेली माणसं’ म्हटलं, की लगेच मान डोलवू नका.

मात्र तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, पाठ थोपटण्याचा, तो मी अजिबात हलका मानत नाही. तिथे तुमचं मन खरोखर काहीतरी सांगतंय, फक्त ते दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगतंय.

तुम्ही लिहिता, ‘सगळे एकमेकांना छानच म्हणतात, त्यामुळे त्यांच्या कौतुकावर माझा विश्वासच बसत नाही.’ आणि पुढच्याच परिच्छेदात लिहिता, की कादंबरीचा उत्तरार्ध कोसळलेला दिसत असूनही तुम्ही ‘छान झालंय’ म्हणालात. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. आपण स्वतः मनातलं लपवून कौतुक केलं की समोरच्याचं कौतुकही आपल्याला तसंच वाटू लागतं. त्यांच्या शब्दांवरचा तुमचा विश्वास त्यांनी घालवलेला नाही. तो तुमच्या त्या दोन शब्दांबरोबर गेला. आणि यात एक चांगली गोष्ट दडलेली आहे: जे तुमच्या हातून गेलं, ते परत आणणंही तुमच्याच हातात आहे.

खरं का सांगितलं नाहीत? तुम्ही कारण दिलंय, तिला वाईट वाटू नये म्हणून. असेल. पण आणखी एक कारण असू शकतं, आणि ते मी स्वतःच्या अनुभवावरून विचारते. खरं सांगायला मेहनत लागते. ‘उत्तरार्ध कोसळलाय’ असं म्हणायचं तर तो नेमका कुठे, कोणत्या पानापासून, हे परत जाऊन शोधावं लागतं. दोनशे पानं पुन्हा चाळावी लागतात. ‘छान झालंय’ म्हटलं की आपण सुटतो. लेखकमित्राला सगळ्यात जास्त दुखावत असेल तर ते टीकेने नव्हे, त्या सुटण्याने.

माझी गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी वडिलांवर एक लेख लिहिला आणि एका मैत्रिणीला वाचायला दिला. आम्ही दोघी एकमेकींची पहिली वाचक होतो. तिने कागद परत केले तेव्हा चौदा पानांत पेन्सिलीने एकच खूण होती. वडील गेले तो प्रसंग मी एका ओळीत उरकला होता आणि पुढच्या ओळीत थेट सहा महिन्यांनंतरचं काही लिहिलं होतं. त्या दोन ओळींमधल्या जागेत एक छोटा बाण काढून तिने समासात लिहिलं होतं: ‘इथे तू पळालीस.’ बस, तीन शब्द. मी आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही. हिला काय माहीत, असं मनात घोकत राहिले. नवव्या दिवशी लिहायला बसले आणि त्या एका ओळीची पाच पानं झाली. ते कागद आजही माझ्यापाशी आहेत. पेन्सिल पुसट झालीये, पण बाण दिसतो. पुढे त्या मैत्रिणीने माझं कितीतरी लिखाण ‘आवडलं’ म्हटलं आणि दर वेळी मी ते डोळे मिटून खरं मानलं, कारण न आवडलेलं ती सांगते हे मला ठाऊक होतं.

तुमच्या गटाला असा एक बाण हवा आहे. तो पहिल्यांदा कोणी काढायचा, हा प्रश्न आहे.

काढायचा कसा, त्याबद्दल थोडं. वाचायला देणाऱ्याने आधीच सांगावं की मला या वाचनातून काय हवंय. लेखनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी मदत लागते. खर्डा अजून ओला असेल तर डिकिन्सनचाच प्रश्न विचारा: यात जीव आहे का? तेवढंच सांगा, बाकी काही नको. दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी वाचणाऱ्याला विचारा: कुठे कंटाळा आला, कुठे गोंधळलात, कुठे पान मिटून उठलात? अगदी शेवटी शब्द आणि वाक्यं. ओल्या खर्ड्यावर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढणारा वाचक घात करतो, तसाच छापायला निघालेल्या मजकुरात ‘याचा शेवटच बदल’ म्हणणाराही. वाचणाऱ्याने, उलट, उपाय सुचवायची घाई करू नये. ‘नायिकेला परत गावी पाठव’ असं सांगण्यापेक्षा ‘बाविसाव्या पानानंतर मला तिची काळजी वाटेनाशी झाली’ हे हजारपट उपयोगाचं. उपाय लेखकाचा लेखकच शोधतो. वाचकाने दुखतं कुठे एवढं दाखवावं. आणि ऐकणाऱ्याने निदान एक दिवस खुलासा लिहून पाठवू नये. त्या दिवशी लिहिलेला खुलासा हा नेहमी भांडणच असतो.

यामुळे मैत्री तुटेल अशी भीती तुम्हाला वाटते. कधी कधी तुटतेही, खोटं कशाला सांगू? पण किती ताणलं तरी टिकते, याचंही उदाहरण देते. एलिझाबेथ बिशप आणि रॉबर्ट लोवेल हे दोन अमेरिकन कवी 1947 मध्ये भेटले आणि पुढची तीस वर्षं एकमेकांना लिहीत राहिले. 1972 मध्ये लोवेल यांनी आपल्या नव्या कविता बिशप यांच्याकडे पाठवल्या. ज्या पत्नीपासून ते वेगळे झाले होते तिची खासगी पत्रं त्यांनी त्या कवितांत वापरली होती, आणि तीही फेरफार करून. बिशपनी आधी कविता म्हणून त्यांचं मनापासून कौतुक केलं, आणि मग एका लांबलचक पत्रात स्पष्ट लिहिलं की हा विश्वासघात आहे, हे करू नकोस. लोवेलनी थोडे बदल केले, पण 1973 मध्ये पुस्तक काढलंच. म्हणजे बिशप यांचं त्यांनी पुरतं ऐकलं नाही. तरीही 1977 साली लोवेल जाईपर्यंत ही मैत्री राहिली आणि ते गेल्यावर बिशपनी त्यांच्यावर शोककविता लिहिली. आपलं म्हणणं मान्य होणं आणि आपली मैत्री टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण उगाच त्या एकत्र बांधतो आणि मग तोंडच उघडत नाही.

आता त्या न झालेल्या आनंदाबद्दल. तुम्ही पत्रभर ‘मत्सर’ हा शब्द टाळलाय. टाळू नका. बरोबरीने सुरुवात केलेल्या माणसाला आधी मिळालं की पोटात कालवतं. याने तुम्ही वाईट ठरत नाही, आणि ती मैत्रीण परकीही ठरत नाही. अनोळखी माणसाच्या पुस्तकाचा आपल्याला एवढा त्रास होत नाही, हे लक्षात घ्या. तुमच्या बाबतीत मत्सरात आणखी एक काटा मिसळलाय असं मला वाटतं. उत्तरार्ध कच्चा असूनही कादंबरी स्वीकारली गेली, म्हणजे आपलं वाचन चुकलं की प्रकाशकाचं, हा काटा. दोन्ही बरोबर असू शकतं. प्रकाशक पूर्वार्धाच्या बळावर पुस्तक घेतात आणि उत्तरार्धावर संपादन करून घेतात, असं पुष्कळदा होतं.

हा मत्सर तिच्यापुढे कबूल करावा का? मी म्हणेन, आत्ता नको. तिच्या आनंदाच्या आठवड्यात आपलं मन हलकं करायला जायचं म्हणजे तिलाच आपली समजूत काढायला लावायचं. तो ताण एखाद्या वहीत लिहा, किंवा गटाबाहेरच्या कोणाशी बोला. आणि तिच्यासाठी एक काम करा. औदार्य मनात उगवण्याची वाट पाहत बसू नका, आधी हाताने करा, मन मागून येतं. जे. आर. आर. टॉल्किन आणि सी. एस. लुईस या दोन इंग्रजी लेखकांची ऑक्सफर्डमधली मैत्री प्रसिद्ध आहे. आठवड्याला जमून ते मित्रमंडळींत आपापलं अप्रकाशित लिखाण वाचून दाखवत. 1954-55 मध्ये छापून आलेली आपली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही प्रचंड कादंबरी लुईस मागे लागले नसते तर पुरी झालीच नसती, असं टॉल्किन यांनी पुढे सांगितलं. लुईसचं ऋण कशाचं, तर लेखनावरच्या प्रभावाचं नव्हे, निव्वळ उत्तेजनाचं, असं त्यांचं म्हणणं. पण लुईस यांच्या मुलांसाठीच्या कादंबऱ्या टॉल्किन यांना रुचल्या नाहीत, आणि पुढे पुढे दोघांत अंतरही पडलं. त्या अंतर पडलेल्या काळात, 1961 मध्ये, लुईस यांनी नोबेल पारितोषिकासाठी टॉल्किन यांचं नाव सुचवलं. पारितोषिक मिळालं नाही. तरी मला ती शिफारस फार मोठी वाटते, कारण ती भरात असलेल्या दोस्तीतून आलेली नव्हती.

तुमच्या हातात काय आहे? तिला विचारा, हस्तलिखित अजून संपादनात आहे का. असेल, तर लिहा: ‘गेल्या वर्षी मी तुला अर्धंच सांगितलं होतं. उत्तरार्धाबद्दल माझ्याकडे काही नोंदी आहेत. हव्या असतील तर देते, नको असतील तर तसं बिनधास्त सांग.’ ती हो म्हणाली तर पुन्हा वाचा, पानांचे आकडे घालून नोंदी करा, आणि जे आवडलं तेही तितक्याच नेमकेपणाने लिहा. नको म्हणाली तर विषय तिथेच मिटवा. आणि पुस्तक छपाईला गेलं असेल तर आता काही बोलू नका. तेव्हा बोलायला हवं होतं. आता त्याचा उपयोग फक्त तुमच्या मनाला.

गट सोडण्याबद्दल विचारलंत. गट सोडावा अशी वेळ येते, नाही असं नाही. वर्षभर आपणच वाचतो आणि आपलं कोणी वाचत नाही, गटात बसून उठलं की लिहावंसं वाटायचं बंद होतं, एकाच्या लिखाणाची सगळे मिळून थट्टा करतात, विश्वासाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याच्या कथेत न विचारता उगवते, कोणी पैशांचा विषय काढायला लागतं, अशा वेळी शांतपणे बाहेर पडावं आणि खुलासेही देत बसू नये. तुमच्या पत्रात यातलं काहीही नाही. चार वर्षं, दर पंधरा दिवसांनी, पाच माणसं. तुम्हीच हिशेब करा, शंभराच्या आसपास वेळा त्यांनी तुमची पानं उघडली आहेत.

एक बदल मात्र करून बघा. तुमच्या गटात लिखाणाशिवाय कशालाच जागा नाही असं दिसतं. तशी कोणी बंदी घातली नसावी, सवयच पडली असेल. मजकूर पाठवताना वर दोन ओळी स्वतःच्या लिहा: सध्या झोप नाही, घरी आजारपण आहे, नोकरीत ताण आहे, काहीही. सगळं सांगायचं बंधन नाही. ज्यांना कधी पाहिलेलं नाही त्यांना किती सांगायचं हे तुम्ही ठरवा, आणि हळूहळू ठरवा. पण काहीच न सांगता त्यांनी ओळखावं ही अपेक्षा मात्र ठेवू नका. दुसरा कोणी अशा दोन ओळी लिहील, तेव्हा आधी त्या ओळींना उत्तर द्या, मग मजकुराला.

त्या रविवारच्या ओळींना अजून उत्तर दिलेलं नाही, असं पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय. आज तेवढं करा. फार मोठं नको. त्या दोन महिन्यांत काय चाललं होतं ते सांगा, आई आता घरी आली आहे हे सांगा. आणि तिला विचारा, नदीच्या त्या पानावर ती परत परत कशासाठी जात होती.